तेवीस मिनिटांचा श्रोता

१९७१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये ‘पॉन हार्ट्‌स’ नावाचा अल्बम बाजारात आला. तो होता १९६७ साली मँचेस्टर विद्यापीठात जमलेल्या ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या बँडचा. दोन बाजू मिळून रचना तीनच, आणि दुसरी अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापलेली. ती तेवीस मिनिटांची. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत या अल्बमला जागाच मिळाली नाही. इटलीत मात्र तो पहिल्या क्रमांकावर गेला. १९७२ साली या बँडने इटलीचे एकामागून एक दौरे केले, आणि मायदेशी परतल्यावर त्यांच्या वाट्याला पुन्हा तीच तुरळक ओळख आली. त्याच वर्षी दमून-भागून बँड मोडला.

रॉक संगीताच्या इतिहासात ही हकीकत एखाद्या तळटीपेपुरती उरली आहे. मला ती फार मोलाची वाटते. एकच अल्बम, तेच चार वादक, तीच तबकडी. मग लंडनला जे ऐकू आलं नाही ते मिलान आणि रोमच्या पोरांना कसं ऐकू आलं? इंग्रजी शब्द तर त्यांच्यापैकी कित्येकांना कळतही नसतील. माझं उत्तर असं की इटलीचा कान आधीपासून तयार होता. ऑपेरा ज्या देशात घराघरात ऐकला जातो तिथल्या माणसाला दीर्घ रचना, नाट्यमय गायन, एका भावातून दुसऱ्या भावात जाणारं संगीत यांचं वावडं नसतं. बँड परका होता, पण तो ज्या रीतीने सांगत होता ती रीत ओळखीची होती.

म्हणून मी असं मानतो की अवघड संगीताला जगवणारा श्रोता राजधानीतच सापडतो हा समज चुकीचा आहे. तो तयार कान असलेल्या गावात सापडतो. कोल्हापूर असं गाव होतं. ते पुन्हा तसं होऊ शकतं, आणि या वेळी फक्त ख्यालापुरतं नव्हे, तर आपल्याच पोरांच्या बँडसाठीसुद्धा.

आधी हे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं, कारण रॉक म्हटलं की आपल्याकडे अजूनही नुसता गोंगाट डोळ्यांसमोर येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी युरोपचं अभिजात संगीत, जॅझ, लोकसंगीत आणि रॉक एकत्र आणून मोठ्या बांधणीच्या रचना करायला घेतल्या. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम १९६९ चा. १९७२ हे तर या संगीताचं सुगीचं वर्ष. ‘येस’ची ‘क्लोज टू द एज’ आणि ‘जेनेसिस’ची ‘सपर्स रेडी’ या जवळजवळ एकेक बाजूभर चालणाऱ्या रचना त्याच वर्षीच्या. ‘जेथ्रो टल’चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ हाही तेव्हाचाच, आणि त्यात तर दोन्ही बाजू मिळून एकच गाणं आहे.

हे शक्य झालं त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारण होतं. १९४८ साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटं मावत. संगीतकार काय रचतो हे प्रतिभेवर ठरतं खरं, पण लोकांपर्यंत काय पोचतं हे ती प्रतिभा ज्या भांड्यात ओतली जाते त्यावर ठरतं. हे सूत्र एकदा हाती आलं की कोल्हापूरच्या संगीताचा इतिहासही वेगळा दिसू लागतो.

१८९५ च्या सुमारास अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आले. त्यांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाराचा. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज गेला आणि परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. लयीशी घट्ट बांधलेली, वळणावळणाने जाणारी, एका रागाच्या अंगात दुसरा राग गुंफणारी. बसंती केदार, संपूर्ण मालकंस, खोकर असे अनवट आणि जोड राग या घराण्याची ओळख झाले. महाराज १९२२ साली गेले, त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबई गाठली आणि तिथेच १९४६ साली त्यांचं निधन झालं. म्हणजे त्यांच्या आयुष्यातली सत्तावीसेक वर्षं, तीही भर उमेदीची, कोल्हापूरच्या वाट्याला आली.

आणि त्यांची एकही तबकडी नाही. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झालं. गौहर जान यांच्यापासून कितीतरी गायक-गायिकांनी तीन मिनिटांत राग बसवण्याची हातोटी साधली. अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या शेजारी मिरजेतच राहत आणि त्यांच्या तबकड्या देशभर वाजत. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी मात्र त्या भांड्यात मावणारी नव्हती. मग ती आपल्यापर्यंत पोचली कशी? ती ऐकून, शिकून आणि पुन्हा ऐकवून पोचली. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ हे त्यांचे पुत्र, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्या, मंजी खाँ आणि नंतर भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर ही झाली शिकणाऱ्यांची यादी. पण शिकणाऱ्यांइतकंच श्रेय ऐकणाऱ्यांचंही आहे. दरबारात, वाड्यांतून, अंबाबाईच्या देवळात, देवल क्लब या गावातल्या संगीतसंस्थेत तासन्‌तास मांडी घालून बसणारी माणसं नसती तर ही गायकी कुणासमोर मांडली गेली असती? गोविंदराव टेंब्यांनी खाँसाहेबांचं चरित्र लिहिलं ते याच ऐकण्याच्या पुंजीवर.

आता धोंडूताई कुलकर्णींकडे पाहा. जन्म १९२७ चा, कोल्हापूरचा. भुर्जी खाँसाहेबांची तालीम, लक्ष्मीबाई जाधवांचं मार्गदर्शन आणि पुढे मुंबईत खुद्द केसरबाईंकडे कित्येक वर्षं शिक्षण. या घराण्याची विद्या इतक्या वाटांनी ज्यांच्यापाशी आली अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही २०१४ साली त्या गेल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या किती घरांत हे नाव ओळखीचं होतं? बाहेरच्या अनेकांना त्या कळल्या त्या त्यांची शिष्या नमिता देविदयाल यांनी २००७ साली लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकामुळे. ज्या गावात त्या घडल्या त्या गावाने त्यांना आधी ओळखायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

अल्पपरिचित कलावंत ‘सापडतो’ म्हणजे नेमकं काय घडतं, याचा विचार इथे करायला हवा. माझ्या अनुभवाने तो दोनदा सापडतो. एकदा मंचावर आणि एकदा ध्वनिमुद्रणात. या दोन्ही भेटी वेगवेगळं काम करतात, आणि एकीवाचून दुसरी अपुरी राहते.

‘पॉन हार्ट्‌स’ची ती तेवीस मिनिटांची रचनाच जवळून ऐकू. तिचं नाव ‘अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स’. एका दीपगृहाच्या रखवालदाराची ही गोष्ट. डोळ्यांदेखत जहाजं फुटतात, माणसं बुडतात आणि तो काही करू शकत नाही. त्या एकटेपणाने आणि अपराधाच्या भावनेने तो खचत जातो. रचनेचे दहा भाग आहेत. सुरुवात ऑर्गनच्या संथ सुरावटीवर पीटर हॅमिल यांच्या जवळजवळ कुजबुजत्या आवाजाने होते. थोड्याच वेळात वाद्यांतून समुद्रावरच्या भोंग्यांचे आवाज येऊ लागतात. मग ड्रम्स चढतात, आवाज फाटतो, चाल मोडते, पुन्हा सावरते. गिटार हे रॉकचं मुख्य वाद्य, पण या बँडचा गाभा ऑर्गन आणि सॅक्सोफोन हाच. ह्यू बँटन ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर खर्जाचा भाग वाजवत आणि डेव्हिड जॅक्सन कधी कधी दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून फुंकत.

पहिल्यांदा ऐकताना यातलं निम्मं हातातून निसटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी कळतं की सुरुवातीची ती साधी सुरावट मधल्या गदारोळातही तग धरून आहे. दहाव्या वेळी शेवटच्या भागातल्या वाढत जाणाऱ्या सुरांकडे आपण सुटका म्हणून बघतो की बुडणं म्हणून, हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं. हे अल्बमचं देणं. तो परत परत ऐकता येतो, मागे नेता येतो, अडलेली जागा पुन्हा लावता येते. रचनेची वीण अल्बमच उलगडून दाखवतो.

पण एक गोष्ट अल्बम कधीच सांगू शकत नाही. ही रचना स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करून जोडलेली होती. हे चार जण ती सलग वाजवू शकतील का? बँड १९७२ मध्ये मोडला, १९७५ मध्ये पुन्हा जमला, परत विखुरला आणि २००५ साली पुन्हा एकत्र आला. अखेर चाळीस वर्षं उलटून गेल्यावर, साठी ओलांडलेल्या तिघांनी ती रचना दौऱ्यात सलग वाजवली, आणि २०१३ च्या त्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण २०१५ साली ‘मर्लिन ॲटमॉस’ या नावाने आलं. त्यात जॅक्सन यांचा सॅक्सोफोन नाही, आवाज थकलेला आहे. तरीही तो ऐकताना जी खात्री वाटते ती स्टुडिओतल्या बिनचूक जोडकामाने वाटली नव्हती. समोर बसून, परतीची वाट नसताना, माणूस हे निभावून नेतो. ही खात्री फक्त मंच देतो.

ख्यालात हेच उलट्या बाजूने घडतं. ख्याल मैफलीत जन्मतो आणि ध्वनिमुद्रणात त्याची सावली उरते. प्रोग्रेसिव्ह रॉकची रचना बहुतेकदा अल्बमसाठी जन्मते आणि मंचावर तिची परीक्षा होते. केसरबाईंची भैरवी साडेतीन मिनिटांची. तीच १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली. ती अप्रतिम आहे यात शंका नाही. पण तेवढ्यावरून केसरबाई कळल्या असं त्यांची बैठक ऐकलेला कोणताही माणूस म्हणणार नाही. म्हणून ज्याला कलावंत खरोखर ओळखायचा आहे त्याने दोन्ही दारं ठोठावली पाहिजेत. नुसतं मंचावर ऐकून भारावणाऱ्याला रचना कळत नाही, आणि नुसता अल्बम घोकणाऱ्याला माणूस कळत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडने २०१३ साली ‘फिरदौस’ हा अल्बम काढला. गाणी हिंदी, ढंग प्रोग्रेसिव्ह रॉकचा, आणि सगळी गाणी एका सूत्रात ओवलेली. मंगेश गांधी गातात आणि बास गिटार वाजवतात. हमझा काझींचे ड्रम्स या संगीताचा कणा आहेत. या अल्बमबद्दल मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी नावही ऐकलेलं नव्हतं. यात नवल काही नाही. आपल्याकडे हिंदी गाणं म्हटलं की चित्रपट आठवतो आणि रॉक म्हटलं की इंग्रजी. या दोन खणांच्या मधे उभ्या असलेल्या बँडला कुठल्याच खणातला श्रोता आपलं म्हणत नाही. चित्रपटसंगीताच्या श्रोत्याला ते जड वाटतं, इंग्रजी रॉकच्या श्रोत्याला ते देशी वाटतं. खरं तर हेच त्याचं बळ आहे. आपल्या भाषेच्या उच्चारांनी, आपल्या सुरांच्या वळणांनी ही मोठी बांधणी कशी तोलली जाते हे अशाच बँडकडून कळतं.

मुंबईत रॉकला एकेकाळी हक्काचं घर होतं. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळावे भरत, नवख्या बँडला हजारो पोरांसमोर उभं राहता येई. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते उघडं नाट्यगृह बंद पडलं. पुढे २०१० पासून पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झालं. २००९ च्या डिसेंबरात मुंबईच्या आयआयटीत ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा इंग्लंडचा नामवंत प्रोग्रेसिव्ह बँड वाजवून गेला, तेव्हा इथल्या पोरांना सगळी गाणी तोंडपाठ होती. म्हणजे श्रोता आहे. तो पुण्या-मुंबईपुरता आहे असं म्हणणं ही आयोजकांची सोय झाली. कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीच्या पट्ट्यात किती पोरं रात्री हेडफोन लावून हे संगीत ऐकतात, गिटार घेऊन गॅरेजात नाहीतर मित्राच्या गच्चीवर सराव करतात, हे ज्यांच्या घरात अशी पोरं आहेत त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांना बँड ऐकायचा तर रात्रीची गाडी धरून पुणं गाठावं लागतं, आणि आपला बँड ऐकवायचा तर गॅदरिंगमध्ये दोन गाण्यांपुरती जागा मिळते, तीही ‘जरा ओळखीचं वाजवा’ या अटीवर.

माझं म्हणणं असं की या भागाचा कान या संगीतासाठी पुण्या-मुंबईपेक्षाही अधिक तयार आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकची एक ठळक खूण म्हणजे विषम मात्रांचे ठेके. ‘पिंक फ्लॉइड’चं ‘मनी’ सात मात्रांत आहे. ‘जेथ्रो टल’चं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पाच मात्रांत. ‘सपर्स रेडी’तला एक संपूर्ण भाग नऊच्या हिशेबाने चालतो. चार मात्रांवर पाय आपटायची सवय झालेल्या पाश्चात्त्य श्रोत्याला हे अडखळल्यासारखं वाटतं, आणि तिथले समीक्षक याबद्दल पानंच्या पानं लिहितात. रूपकात सात मात्रांवर नाट्यपदं ऐकत वाढलेल्या, झपतालातल्या दहा मात्रांची विभागणी बोटांवर मोजणाऱ्या माणसाला यात अवघड काय आहे? सम कुठे येते हे शोधणं हा तर आपल्या ऐकण्यातला सगळ्यात मोठा आनंद. मंचावर एखादा ड्रमर सातच्या आवर्तनात मुद्दाम आघात सरकवतो, बासवाला मान न वळवता डोळ्यांनीच त्याच्याकडे बघतो आणि दोघं एकाच क्षणी नेमके समेवर येतात, तेव्हा समोरच्या पोरांकडून जो हुंकार उठतो तो आणि देवल क्लबात तबलजीच्या तिहाईला मिळणारी दाद यांत मला काही फरक दिसत नाही.

यावर काही आक्षेप येतील. त्यांना टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

पहिला आक्षेप असा की रॉक आपलं नव्हे. कोल्हापूरच्या संगीताचा इतिहास याचं उत्तर देतो. हार्मोनियम युरोपातून आली, आणि गोविंदराव टेंब्यांनी ती अशी वाजवली की कोल्हापूरला तिचा अभिमान वाटू लागला. त्याच टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या त्या उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या. मराठी रंगभूमीला तो ढंग नवा होता, आज ती पदं आपली परंपरा आहेत. बोलपट ही तर सर्वस्वी परकी कला. ‘प्रभात’ने १९२९ साली कोल्हापुरात मुहूर्तमेढ रोवली आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ दिला, त्यात टेंबे स्वतः हरिश्चंद्र झाले. आणि ज्यांच्या नावावर आज आपण छाती फुगवतो ते अल्लादिया खाँसाहेब तरी कुठले होते? राजस्थानातून आलेला हा मुसलमान गवई करवीरने आपला मानला, त्याच्या मुलाला अंबाबाईच्या देवळात गायला बसवलं. आपलं काय आणि परकं काय हे कोल्हापूरने नेहमी ऐकून ठरवलं आहे, जन्मदाखला बघून नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अल्पपरिचित आहे म्हणून चांगलं, असं कुठे आहे? बरोबर आहे. पुष्कळ बँड अनोळखी राहतात कारण ते सामान्य असतात. दीर्घ रचना म्हणजे उत्तम रचना असंही नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये पोकळ फुगवटा भरपूर झाला आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पंक संगीताने त्याविरुद्ध बंड केलं, ते सकारण होतं. पण चांगलं आणि पोकळ यांतला फरक ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि अनोळखी आहे म्हणून न ऐकणं हा काही निवाडा नव्हे. माझी मागणी प्रसिद्धीची नाही, सुनावणीची आहे. ऐकून नापसंत करा. तो श्रोत्याचा हक्क आहे.

तिसरा आक्षेप तरुणांकडून येतो. आता सगळं मोबाईलवर आहे, ज्याला शोधायचं त्याला सापडतंच, मग हॉल आणि अल्बम कशाला? इथे त्या भांड्याचा मुद्दा परत येतो. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळा ऐकलं असं मोजलं जातं. दोन मिनिटांचं गाणं असो की तेवीस मिनिटांची रचना, मोजणी एकच. म्हणजे तेवीस मिनिटं रचणाऱ्याला जे मिळतं ते त्याच वेळात दहा-अकरा छोटी गाणी ऐकवणाऱ्याच्या मानाने जेमतेम एक दशांश. शिवाय २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथे काहीच मोबदला मिळत नाही. गावातल्या नव्या बँडची बहुतेक गाणी याच रेषेखाली राहणार. ७८ फेऱ्यांच्या तबकडीने ख्यालाला तीन मिनिटांत कोंबलं. आजची ही मोजणी सगळ्याच संगीताला पहिल्या तीस सेकंदांत कोंबते आहे. आलाप करायला, सुरावट रुजवायला, शांतता राखायला यात जागा नाही. सगळं उपलब्ध आहे हे खरं, पण शोधणं यंत्रावर सोपवलं की यंत्र आपल्याला आपल्याच जुन्या आवडीकडे परत आणून सोडतं. अनोळखी बँड मित्राच्या तोंडून, कार्यक्रमाच्या फलकावरून, मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या चार घाबरलेल्या पोरांमधून सापडतो. तो प्रत्यक्ष सापडतो.

चौथी अडचण पैशाची. शाहू महाराजांसारखा राजाश्रय आता कुठून आणायचा? राजाश्रय नकोच. शतकाहून जास्त वय असलेला देवल क्लब एवढी वर्षं टिकला तो संगीतावर जीव असलेल्या सामान्य माणसांच्या बळावर. वकील, शिक्षक, व्यापारी, कारकून अशा माणसांनी वर्गण्या भरल्या, गवई उतरवून घेतले, सतरंज्या अंथरल्या. तेवढ्याच माणसांची आजही गरज आहे. शंभर माणसांनी तिकीट काढलं तर पुण्याचा एखादा बँड एका रात्रीसाठी कोल्हापुरात येऊ शकतो. त्यांच्याआधी अर्धा तास इथल्या पोरांचा बँड वाजवू शकतो. आपल्या मिरवणुकांत डीजेच्या भिंतींवर एका रात्रीत जी रक्कम उधळली जाते आणि ज्याने म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या छातीत धडकी भरते, तिचा छोटासा वाटासुद्धा वर्षभराच्या कार्यक्रमांना पुरेल. आवाज मोठा असणं आणि संगीत मोठं असणं यांतला फरक शिकवायचा असेल तर पोरांना भाषण देऊन भागणार नाही. त्यांना चांगला मंच, बरा साउंडवाला आणि ऐकणारी माणसं द्यावी लागतील.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ साली शाहू महाराजांच्या कारकीर्दीत पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. गाव हळहळलं, माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. ती हळहळ खरी होती. पण नाट्यगृह म्हणजे नुसती वास्तू नव्हे. त्यात काय ऐकलं जाणार, कुणाला उभं राहू दिलं जाणार, यावर त्या वास्तूचं मोल ठरतं. नव्याने उभ्या राहणाऱ्या मंचावर नाटक, ख्याल, लावणी, शाहिरी हे सगळं हवंच. त्याच्या शेजारी वर्षातल्या काही रात्री स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या बँडसाठी राखून ठेवाव्यात, अशी माझी मागणी आहे. अट एकच असावी, गाणी दुसऱ्याची नकोत, स्वतःची हवीत. शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग, गावातली महाविद्यालयं आणि देवल क्लब यांनी मनावर घेतलं तर यातलं काहीच अशक्य नाही.

वाचकांकडे मात्र माझं मागणं याहून साधं आहे. येत्या महिन्यात नाव न ऐकलेल्या एका बँडच्या कार्यक्रमाला जा. तिकीट काढून जा, पास मागू नका. आवडला तर त्यांचा अल्बम विकत घ्या, आणि तो मधे न थांबता, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्यांनी लावलेल्या क्रमाने ऐका. घरात गिटार वाजवणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनी स्वतः रचलेलं गाणं पूर्ण ऐकून घ्या, मग ते कितीही लांब असो. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूरने सत्तावीस वर्षं ऐकलं. आपल्या पोरांना आपण तेवीस मिनिटं तरी दिलीच पाहिजेत.